अंतर्गत समित्यांना शिकवायला निघालेल्या नव्या प्रशिक्षकास

प्रिय सहकारी,
अनेक शुभाशीर्वाद.

जिल्ह्यातील शासकीय कार्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समित्यांसाठी तू आखलेले प्रशिक्षण सत्र वाचले. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाची कलमे तू ओळीने दिली आहेस. या छळाविरुद्ध पहिली मार्गदर्शक तत्त्वे घालून देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालामागच्या भंवरीदेवी राजस्थान शासनाच्याच कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्या, होत्या आणि बालविवाह रोखण्याचे काम करत होत्या, हेही तू सांगितले आहेस, ते मला फार योग्य वाटले. मात्र प्रत्यक्ष तक्रार हाताळण्यासाठी तू शेवटचा अर्धा तास ठेवला आहेस. माझ्या मते दिवसाचा मोठा भाग त्यालाच द्यावा.

गोवा विद्यापीठातील प्रकरण सदस्यांना सविस्तर सांग. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या, समितीने चौकशी घाईने उरकली आणि त्याला सेवेतून काढण्यात आले. परंतु बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. त्या मुलींच्या वाट्याला काय आले, याचा विचार सदस्यांना करायला लाव. समिती सदस्यांना नियमित प्रशिक्षण द्यावे, असे निर्देशही त्याच निकालात आहेत. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्या व्यक्तीला देणे, उत्तरासाठी तिला कामकाजाचे दहा दिवस देणे, सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असणे, या गोष्टी कारकुनी वाटतात. पण त्या चुकल्या की खरी तक्रारही न्यायालयात टिकत नाही.

सर्वाधिक वेळ जबाब नोंदवण्याच्या सरावाला दे. आपल्याकडे टिपणी लिहिण्याची सवय इतकी मुरलेली असते की, बाई घडलेले कृत्य स्पष्ट सांगते आणि कागदावर मात्र ‘असभ्य वर्तन केले’ एवढेच उतरते; मग नेमके काय घडले, हे अहवाल वाचणाऱ्याला कळतच नाही. तिचे शब्द, तिच्या बोलीसह, जसेच्या तसे लिहायला शिकव. ‘तेव्हाच का नाही सांगितले?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक सदस्याच्या तोंडी येतो. त्याऐवजी ‘त्यानंतर काय झाले?’ असे विचारायची सवय त्यांना लाव. तिला लिहिता येत नसेल, तर तक्रार लेखी करायला मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. कंत्राटी ऑपरेटर आणि रोजंदारीवरील सफाई कामगार यांनाही हा कायदा लागू आहे, हे मी प्रत्येक सत्रात आवर्जून सांगत असे, कारण सर्वांत कमी तक्रारी त्यांच्याकडूनच येत.

तीन महिन्यांची मुदत उलटली म्हणून अर्ज परत करण्याची घाई आस्थापना शाखेला असते. प्रसंग पुन्हा पुन्हा घडले असतील, तर मुदत शेवटच्या प्रसंगापासून मोजायची असते, आणि सबळ कारण असल्यास समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. कार्यालयप्रमुख ‘घरातच मिटवा’ म्हणतील, तेव्हा सदस्यांना ठामपणे सांगता आले पाहिजे की, समेट फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच होतो आणि त्यात पैशांची देवाणघेवाण चालत नाही. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही असेच ठामपणे सांगता यावे.

जातिवाचक अपमानाचा भाग तक्रारीत असेल, तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून तो गाळू नये. तो जबाबात पूर्ण नोंदवावा आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखाली पोलिसांकडे जाण्याचा तिचा हक्क तिला समजावून सांगावा.

आवक शाखेतील लिपिकालाही सत्राला बोलाव. गोपनीयतेचे कलम समितीला पाठ असते, पण लिफाफा बहुतेक वेळा तोच उघडतो. सुधारित आराखडा पाठव, मी वाचून कळवीन.

तुझी हितचिंतक