मणक्याच्या ऑपरेशननंतरची झोप आणि ती पाव मिलिग्रॅमची गोळी

तुमच्या आईंचं एल४-एल५ फ्यूजन (कमरेतले दोन मणके स्क्रूंनी जोडायचं ऑपरेशन) होऊन महिना झालाय, रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, आणि ओळखीच्या केमिस्टने दिलेली अल्प्राझोलाम ०.२५ ही गुंगी आणून झोपवणारी गोळी आठवडाभर चालू आहे. ती अजून किती दिवस द्यायची, हा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, पण अशाच ऑपरेशनमधून गेलोय. ‘किती दिवस’ हे सर्जनला विचारा, आणि उद्या सकाळीच विचारा. कारण तुम्ही टाकलेल्या औषधांच्या यादीत वेदनेची ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल आणि नसांच्या दुखण्यावरची रात्रीची प्रीगाबॅलिन ७५ आधीच आहे.

दोन्ही गुंगी आणणारी औषधं आहेत. ट्रामाडॉल अफूच्या जातीतलं. त्यावर अल्प्राझोलाम चढवली की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने) २०१६ साली अशा जोडीवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, आणि २०१९ मध्ये प्रीगाबॅलिनबद्दलही वयस्कर लोकांसाठी तसाच सावधगिरीचा सल्ला दिला. आई मोठ्याने घोरतात असंही तुम्ही लिहिलंय. घोरताना मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, ते एक रात्र नीट ऐका आणि डॉक्टरांना सांगा. आणि केमिस्टचं म्हणाल, तर अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. २०१४ पासून अशा औषधांसाठी चिठ्ठी तर लागतेच, शिवाय डॉक्टर आणि पेशंटचं नाव दुकानातल्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. ओळखीवर मिळाली म्हणून ती साधी गोळी होत नाही.

पण घाबरून आज रात्रीच काही बंद करू नका. रोज घेतलेली अल्प्राझोलाम एकदम तोडली तर झोप आणखी उडते, बेचैनी वाढते. ट्रामाडॉल आणि प्रीगाबॅलिनही अचानक सोडायच्या नसतात. काय आधी कमी करायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

मला खरी भीती श्वासाइतकीच बाथरूमची वाटते. गोळीच्या गुंगीत, अंधारात, ओल्या फरशीवर, एकट्या. नव्या स्क्रूंवर पडणं परवडणारं नाही. रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा, पायपुसणी उचला, पलंगाजवळ हाक मारायला घंटी ठेवा. संध्याकाळी सातनंतर चहा-पाणी बेताने.

आता मूळ गोष्ट: दोनलाच जाग का येते? तुम्ही लिहिलंय की वेदनेची गोळी रात्री आठच्या जेवणानंतर देता. ट्रामाडॉलचा असर साधारण चार ते सहा तास. हिशोब तुमच्यासमोर आहे. मला स्वतःला गोळीची वेळ झोपायच्या जवळ सरकवल्याने जितका फरक पडला, तितका दुसऱ्या कशानेच नाही. मात्र वेळही डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि पॅरासिटामॉल वेगळी देत असाल तर ट्रामाडॉलच्या गोळीतली मोजायला विसरू नका.

झोपण्याची पद्धतही बघा. उताणं झोपल्यावर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपल्यावर दोन गुडघ्यांच्या मध्ये जाडसर उशी. पालथं नाही. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकदम, ओंडका लोटावा तसे. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताने रेटून. गादी फार मऊ असेल तर वळतानाच कळ येते आणि झोप मोडते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. डॉक्टरांनी सांगितलंय तितकं चालणं सकाळ-संध्याकाळ होऊ द्या. पोट साफ आहे का तेही विचारा. ट्रामाडॉलने बद्धकोष्ठ होतो, आणि त्यातही रात्री तळमळ होते. आपल्याकडे पेशंट हे स्वतःहून कधी सांगत नाहीत.

सर्दीची गोळी देऊन झोपवा, असं इथे कुणीतरी सुचवलंय. या वयात नको. तिने लघवी अडकू शकते, भ्रम होऊ शकतो. लघवी अडकणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं, ताप किंवा जखमेतून स्राव, यांतलं काहीही दिसलं तर झोपेचा विषय बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. हाक मारूनही नीट जाग्या होत नसतील तर तेच.

जायफळाच्या दुधाचं विचारलंत. श्रीखंडात घालतो तितकं चिमूटभर, एवढंच. लवकर गुण यावा म्हणून चमचाभर उगाळून देऊ नका. जास्त जायफळाने धडधड आणि भास होतात. आणि देत असाल तर तेही सर्जनला सांगा.