एनएचएलमध्ये 96 गुणांचा संघ प्लेऑफबाहेर आणि 91 गुणांचा आत, हे कसं?

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग. हा प्रश्न तिच्या 2024-25 च्या मोसमाबद्दल आहे: कॅल्गरी फ्लेम्स 96 गुण घेऊन घरी बसले, पण मॉन्ट्रियल आणि न्यू जर्सी 91 गुणांवर प्लेऑफ खेळले. याचं उत्तर असं की हे संघ एकमेकांशी स्पर्धेत नव्हतेच. कॅल्गरीची स्पर्धा सेंट लुइस ब्लूजशी होती. त्यांचेही गुण 96 च होते आणि निकाल फक्त एका विजयाच्या फरकाने लागला.

आधी रचना पाहू. एनएचएलमध्ये 32 संघ आहेत. ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत 16 संघ. त्यातही प्रत्येकी 8 संघांच्या दोन डिव्हिजन: पूर्वेत अटलांटिक आणि मेट्रोपॉलिटन, पश्चिमेत सेंट्रल आणि पॅसिफिक. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन संघ थेट पात्र, म्हणजे 12 जागा गेल्या. मग प्रत्येक कॉन्फरन्समध्ये उरलेल्या दहा संघांतून, डिव्हिजन न बघता, सर्वाधिक गुणांचे दोन संघ आत येतात. हे वाइल्ड कार्ड. एकूण 16. ही पद्धत 2013-14 पासून चालू आहे.

पूर्वेची जागा पश्चिमेच्या संघाला मिळत नाही. न्यू जर्सी मेट्रोपॉलिटनमध्ये तिसरा होता, म्हणून आत. मॉन्ट्रियलला पूर्वेचं दुसरं वाइल्ड कार्ड मिळालं. पश्चिमेत मिनेसोटा 97 आणि सेंट लुइस 96 वर असल्यामुळे कॅल्गरीला दार बंद झालं. म्हणून 32 संघांचा एकत्र गुणतक्ता बघत बसू नका, ‘वाइल्ड कार्ड’ नावाचा तक्ता उघडा. खरं चित्र तिथेच दिसतं.

आता गुण. जिंकलात की 2, मग ते निर्धारित 60 मिनिटांत असो, ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) असो की शूटआउटमध्ये. 60 मिनिटांत हरलात तर शून्य. ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये हरलात तर मात्र 1. सगळी गुंतागुंत या एका गुणातून निघते. काही सामन्यांत 2 गुण वाटले जातात, काहींत 3. मोसमात 1,312 सामने. त्यातले समजा 300 ओव्हरटाइमला गेले, तर एकूण 2,924 गुण वाटले जातील आणि संघाची सरासरी 91 च्या वर जाईल. म्हणजे 82 सामन्यांत 82 गुण म्हणजे ‘निम्मे’ असं वाटतं, प्रत्यक्षात तो संघ तळाकडचा असतो. (2026-27 पासून सामने 84 होणार आहेत, तेव्हा हे आकडे थोडे सरकतील.)

गुण समान झाले की काय? आयपीएल बघणाऱ्याला लगेच नेट रन रेट आठवतो, आणि इथला गोलफरक तसाच असेल असं वाटतं. तो फार खाली येतो. मोसम संपल्यावर सर्वांत आधी निर्धारित वेळेतले विजय मोजतात, तक्त्यातला ‘आरडब्ल्यू’ रकाना. तेही समान असले तर ओव्हरटाइमचे विजय धरून, पण शूटआउट वगळून. मग एकूण विजय, मग आपापसातल्या सामन्यांतले गुण, मग गोलफरक आणि शेवटी केलेले गोल. मोसम चालू असताना सामन्यांची संख्या कमी-जास्त असते, तेव्हा गुणांची टक्केवारी आधी बघतात.

सेंट लुइसचे आरडब्ल्यू 32, कॅल्गरीचे 31. बस, एवढंच. कॅल्गरी 14 वेळा ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये हरला आणि त्या 14 गुणांवरच 96 पर्यंत पोचला. सेंट लुइसला असे 8 च मिळाले होते. आदल्या वर्षीचं उदाहरण याहून बोलकं आहे. वॉशिंग्टन आणि डेट्रॉइट दोघेही 91 वर. डेट्रॉइटचा गोलफरक अधिक 4, वॉशिंग्टनचा चक्क उणे 37! तरी वॉशिंग्टन आत, कारण आरडब्ल्यू 32 विरुद्ध 27.

त्याच मोसमात, 16 एप्रिल 2024 ला, फिलाडेल्फियाने वॉशिंग्टनविरुद्ध 1-1 अशी बरोबरी असताना गोलकीपर बाहेर काढला, म्हणजे जाळी रिकामी ठेवून त्याच्या जागी एक जादा आक्रमक खेळाडू आणला. नवख्याला हा वेडेपणा वाटेल, पण हिशेब बघा. फिलाडेल्फिया 87, वॉशिंग्टन 89, दोघांचाही शेवटचा सामना. ओव्हरटाइम झाला की वॉशिंग्टनला 1 गुण नक्की, म्हणजे 90. फिलाडेल्फिया जिंकूनही 89 वर. 60 मिनिटांत जिंकण्यावाचून उपायच नव्हता, शिवाय इतर निकालही सोयीचे लागायला हवे होते. वॉशिंग्टनने रिकाम्या जाळीत गोल केला, 2-1, आणि वॉशिंग्टन पात्र. हे ओव्हरटाइममध्ये केलं असतं तर आणखी महाग पडलं असतं: तिथे गोलकीपर काढून रिकाम्या जाळीत गोल खाल्लात तर पदरात पडलेला तो 1 गुणही जातो.

स्वतः हिशेब करायचा असेल तर असा करा. अ संघाचे 90 गुण, 4 सामने बाकी. ब चे 86, 5 बाकी. ब जास्तीत जास्त 96 पर्यंत जाईल, म्हणजे अ ला 97 साठी 7 हवेत. हा 7 चा आकडा दोन्हीकडून घटतो: अ जिंकला की 2 ने, ब 60 मिनिटांत हरला की 2 ने, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये हरला की 1 ने. अ चे आरडब्ल्यू ब च्या आवाक्याबाहेर असतील तर 6 पुरतात. बहुतेकांची चूक होते ती अशी: ‘ब चा एक सामना जास्त बाकी आहे, म्हणजे 2 गुण आलेच’ असं धरतात. शिवाय ब च्या पुढचे दोन संघ आपापसात खेळून ओव्हरटाइमला गेले, तर दोघेही पुढे सरकतात आणि ब जागच्या जागी.

माझ्या मते 3-2-1-0 अशी गुणपद्धत (60 मिनिटांत जिंकलात तर 3, त्यानंतर जिंकलात तर 2, त्यानंतर हरलात तर 1, 60 मिनिटांत हरलात तर 0) जास्त न्याय्य आहे. महिलांच्या पीडब्ल्यूएचएलमध्ये तीच आहे. गंमत म्हणजे त्या पद्धतीनेही सेंट लुइस 128, कॅल्गरी 127.

जोड्या लावताना कॉन्फरन्समधला सर्वांत वरचा डिव्हिजन विजेता दुसऱ्या वाइल्ड कार्डशी खेळतो आणि दुसरा विजेता पहिल्या वाइल्ड कार्डशी. त्यामुळे सेंट्रलचा मिनेसोटा पॅसिफिकच्या गटात जाऊन वेगासशी खेळला. डिव्हिजनमधले दुसरा आणि तिसरा मात्र आपापसात भिडतात. याबद्दल कुरकुर कायमची, आणि ती रास्त आहे: 106 गुणांचा डॅलस आणि 102 गुणांचा कोलोरॅडो पहिल्याच फेरीत समोरासमोर.

प्रत्येक मालिका सातपैकी चार विजयांची असते आणि प्लेऑफमध्ये शूटआउट नसतो. 20-20 मिनिटांचा जादा वेळ, गोल होईपर्यंत. सेंट लुइसची गाठ 116 गुणांच्या विनिपेगशी पडली. सातव्या सामन्यात सेंट लुइस पुढे होता. दोन सेकंदही उरले नव्हते तेव्हा विनिपेगने बरोबरी साधली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये 4-3 ने सामना काढला.