अम्मानला अरबी शिकायला येणाऱ्या विद्यार्थिनीस

विद्यापीठाच्या आदानप्रदान योजनेतून एका सत्रासाठी तुम्ही जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला, येणार आहात आणि तेवढ्या काळात अरबी कितपत येईल, एकटे वाटेल का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, शुल्क, विमा यांची माहिती विद्यापीठ देईलच. त्यात मी भर घालत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी अनेक वर्षे येथे राहते आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात बसूनच अरबी शिकले आहे.

वर्गात फुसहा, म्हणजे पुस्तकांची आणि बातम्यांची अरबी, शिकवतात. ती नीट शिका, कारण तिच्यावाचून वाचता येणार नाही. पण ती बोलत भाजी घ्यायला गेलात, तर भाजीवाला गालातल्या गालात हसेल आणि इंग्रजीत उत्तर देईल. रोजच्या व्यवहाराची भाषा अम्मिया, आणि अम्मानमध्ये तीही एक नाही. कॉफीचा पुस्तकी उच्चार क़हवा. पॅलेस्टाइनच्या शहरांतून आलेल्या घरांत आणि पुष्कळ स्त्रियांच्या तोंडी ती आहवे होते, तर मूळच्या जॉर्डनी पुरुषांच्या तोंडी गहवे. १९४८ आणि १९६७ च्या युद्धांनंतर पॅलेस्टिनी निर्वासित मोठ्या संख्येने येथे आले, त्यामुळे या एका व्यंजनावरून घराणे ओळखले जाते, आणि घरी आहवे मागणारा तरुण मित्रांत गेला की गहवे मागू लागतो. आपल्याकडे ण आणि न वरून माणूस जोखतात, तसलाच हा प्रकार आहे. या गोष्टी वर्गात क्वचितच कळतात, घरात बसल्यावर कळतात.

म्हणून खोली एखाद्या स्थानिक कुटुंबात घ्या. सीरियात २०११ मध्ये युद्ध पेटल्यावर दमास्कसला जाणारे अरबीचे विद्यार्थी अम्मानकडे वळले आणि हे शहर त्यांना सरावले. हे विद्यार्थी एकत्र घर घेतात, जबल अल-वेब्दे या अम्मानमधल्या वस्तीच्या कॅफेंमध्ये बसतात, आणि पुष्कळांचे सत्र इंग्रजीतच संपते.

हे इतक्या आग्रहाने लिहिते त्याला कारण माझी मुलगी आहे. तिच्या शाळेने तिला पहिल्या दिवसापासून अरबी मातृभाषा नसलेल्यांच्या तुकडीत बसवले, आणि त्या तुकडीत दरवर्षी तीच मुळाक्षरे, तेच रंग, तीच फळे. तुकडी बदलावी म्हणून मी अर्ज केले, भेटी घेतल्या. दर वेळी पुदिन्याचा चहा मिळाला आणि पुढच्या वर्षी पाहू, असे उत्तर मिळाले. शेजारच्या मुली दारात आल्या की आपसांतले बोलणे थांबवून तिच्यासाठी इंग्रजी सुरू करतात. येथेच वाढलेल्या मुलीला येथे पाहुणी करून ठेवले, हा राग माझ्या मनातून गेलेला नाही. मी चाळिशीत अरबीच्या वर्गात नाव घातले ते हौसेने की या रागापोटी, हे मला आजही सांगता येणार नाही.

कागदपत्रांबद्दल एकच सांगते. अरबी लिपीत प, च, ळ ही अक्षरे नाहीत आणि आमच्या आडनावात तिन्ही आहेत. घराच्या करारावर एका कारकुनाने ते एक प्रकारे लिहिले, वैद्यकीय तपासणीच्या कागदावर दुसऱ्याने निराळे, आणि राहण्याच्या परवान्याच्या खिडकीवर ही दोन वेगळी माणसे आहेत असे मला शांतपणे सांगण्यात आले. पुढचे हेलपाटे आठवले तरी डोके फिरते. तुम्ही आल्याबरोबर नावाचे एकच अरबी रूप ठरवा, चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा आणि कोणी कागद लिहायला घेतला की आधी ती पुढे करा.

एकटेपणा येतो आणि जातो, त्याचा फार बाऊ करू नका. हिवाळ्यात मात्र तो अंगाशी येतो. अम्मान डोंगरांवर वसले आहे, दगडी घरे जानेवारीत गारठतात, आणि पुष्कळ घरांत सोबा, म्हणजे गॅसची किंवा रॉकेलची शेगडी, एकाच खोलीत पेटवतात. संध्याकाळी सारे घर तेथे जमते, भांडते, दूरदर्शन पाहते, आणि अम्मिया तेथेच कानावर पडते. खोली ठरवण्यापूर्वी त्या शेगडीभोवती भाडेकरूलाही बसायला मिळते का, हे घरमालकिणीला स्पष्ट विचारून घ्या.