टाकाऊ वस्तूंचे फोटो काढणाऱ्या तरुण मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळे फोटो मी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लावून सावकाश पाहिले. गच्चीवरचा पत्र्याचा कूलर, जिन्याखालचा वातीचा स्टोव्ह, सीट फाटलेली सायकल, काच तडकलेला कंदील आणि आजोबांच्या पेटीत सापडलेली नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीतली लाकडी बॉबिन, म्हणजे धागा गुंडाळायची रीळ. वस्तू निवडण्याची तुझी नजर चांगली आहे. तुला बरे वाटावे म्हणून मी हे लिहीत नाही. पण या फोटोंतून मला इतकेच कळते की या वस्तू जुन्या आहेत आणि आता त्या कोणाला नको आहेत. जुनेपणा सांगितल्याने छायाचित्र होत नाही. ती वस्तू वापरात असताना तिच्यावर हाताची, पाण्याची, आगीची किंवा धाग्याची खूण नेमकी कुठे उमटली, ती जागा शोधायची आणि मग प्रकाश, अंतर आणि चौकट या तिन्ही गोष्टी त्या एका खुणेसाठी ठरवायच्या. माझे म्हणणे एवढेच आहे. बाकी सारे पत्र त्याचाच तपशील आहे.

कूलरपासून सुरुवात करतो, कारण आपल्या नागपुरात हा विषय घरोघरी आहे आणि त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही. तू समोर उभा राहून अख्खा कूलर चौकटीत बसवला आहेस. त्यामुळे मागची पाण्याची टाकी, केबलच्या तारा आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे या सगळ्यांना कूलरइतकेच महत्त्व मिळाले. आता पुन्हा गच्चीवर जा आणि फोन खिशात ठेवून त्या कूलरजवळ थोडा वेळ बैस. ताटी काढलेली बाजू उघडी आहे, तिथून आत पाहा. कूलरच्या टाकीच्या आतल्या अंगाला एकाखाली एक अशा पांढऱ्या आडव्या रेषा दिसतील. पाण्याची वाफ होते, त्यातले क्षार मात्र मागे राहतात, आणि पाण्याची पातळी जिथे बराच काळ टिकली तिथे त्यांचा थर धरतो. त्या घराने किती उन्हाळे काढले याची नोंद त्या पत्र्यावर आपोआप झालेली आहे.

नंतर गंज पाहा. कूलरच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. आधी जस्त झिजते आणि त्याची पांढरट भुकटी दिसू लागते. खालचे लोखंड उघडे पडले की मग तांबूस गंज चढतो. म्हणून गंज सगळीकडे सारखा नसतो. जिथे पत्रा कापला आहे, जिथे रिव्हेट ठोकले आहे, जिथे काहीतरी वारंवार घासले आहे, तिथून तो सुरू होतो. तुझ्या फोटोतला डाव्या बाजूचा खालचा भाग मी मोठा करून पाहिला, तेव्हा मला टाकीच्या तोंडाची एक वीतभर कड दिसली, जिथला रंग पूर्ण गेला आहे आणि पत्रा किंचित आत दबला आहे. रोज संध्याकाळी पाणी ओतताना कोणीतरी बादली त्या कडेवर टेकवत असणार. मित्रा, तुझा फोटो ती कड आहे! क्षारांच्या दोन-तीन रेषा आणि ती दबलेली कड एवढेच चौकटीत घेतलेस, तर बाकीचा कूलर पाहणाऱ्याला दाखवावा लागणार नाही. ज्याने उन्हाळ्यात असे पाणी भरले आहे, त्याला तो आपोआप दिसेल.

आता प्रकाशाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे तुला अर्धवट सल्ला मिळालेला दिसतो. सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हातच फोटो काढायचे आणि दुपार सोडून द्यायची, असे तू लिहिले आहेस. माणसांच्या चेहऱ्यांसाठी ते बरेचसे खरे आहे. वस्तूंच्या बाबतीत मात्र घड्याळापेक्षा प्रकाश आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन महत्त्वाचा असतो. प्रकाश पृष्ठभागाला घासून गेला की प्रत्येक खवल्याची, प्रत्येक खाचेची स्वतःची सावली पडते आणि पोत उठून दिसतो. प्रकाश समोरून सरळ आदळला की सगळे सपाट होते. नागपूर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी जमिनीवर आडवी ठेवलेली वस्तू निर्जीव दिसते, पण उभ्या पत्र्यावरून तेच ऊन वरून खाली घासत जाते आणि त्यावरचा गंज आणि पोपडे इतके स्पष्ट दिसतात की सकाळी तेवढे दिसणार नाहीत. उलट डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंशांपर्यंतच चढतो, म्हणून हिवाळ्यात तुला दिवसभर तिरपे ऊन मिळते. टाकीच्या आतल्या रेषांसाठी मात्र वेगळा विचार कर. उघडी बाजू ज्या दिशेला आहे, तिकडून सूर्य खाली असताना ऊन आत शिरेल. ती बाजू पूर्वेला असेल तर सकाळी लवकर जा. मेच्या उन्हात गच्चीवर जाशील तेव्हा डोक्याला दुपट्टा बांध आणि फोन सावलीत ठेव, कारण तापलेला फोन कॅमेरा बंद करतो.

तुझ्या फोटोंत क्षारांचा पांढरा रंग कोरा झाला आहे, त्यात तपशील उरलेला नाही. पडद्यावर त्या पांढऱ्या भागावर बोट दाबून धर, म्हणजे फोकस आणि एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते प्रमाण) तिथेच कायम राहील. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी कर. सावल्या काळ्या झाल्या तरी घाबरू नकोस. हल्लीचे फोन आपणहून सावल्या उजळतात आणि लख्ख भाग दाबतात; त्यामुळे गंज, क्षार आणि अंधारा कोपरा हे सगळे एकाच उजेडात उभे असल्यासारखे दिसतात. तुझ्या फोनमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर बंद कर, आणि रॉ फाइल, म्हणजे फोनने स्वतःचे फेरफार न केलेली मूळ फाइल, मिळत असेल तर तीच घे.

दुसरी गोष्ट अंतराची. फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड असते. तिने वस्तूला अगदी चिकटून फोटो काढला की जवळची कड फुगते आणि लांबची आक्रसते. तुझा स्टोव्ह त्यामुळेच वाकडा दिसतो, त्याची टाकी भोपळ्यासारखी झाली आहे. दोन पावले मागे सरक आणि दुप्पट झूम वापर. मात्र लांबचे जवळ दाखवणारी वेगळी टेलिफोटो लेन्स असलेल्या काही फोनमध्ये ती लेन्स फार जवळून फोकस करू शकत नाही. अशा वेळी फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातो आणि चित्र कापून मोठे करतो. म्हणून प्रत्येक फोटो तिथल्या तिथे मोठा करून तपासण्याची सवय लाव.

सायकल आणि कंदील यांविषयी फार लिहीत नाही. सायकलचा फोटो सीटचा नाही, पॅडलचा आहे. उजव्या पॅडलचे रबर एका बाजूने पार झिजले आहे, ते पाहा. कंदील तू अंधाऱ्या कोपऱ्यात पेटवून ठेवलास, ते मला पटले नाही. टाकून दिलेल्या वस्तूला फोटोपुरते पुन्हा कामाला लावले की तिच्यावरची खरी खूण मागे पडते आणि सजावट पुढे येते. त्याच कारणाने गंजावर तेल लावू नकोस, पाण्याचा फवारा मारू नकोस. ओला गंज गडद आणि देखणा दिसतो हे खरे आहे, पण आपल्याकडे जूननंतर पाऊस भरपूर पडतो. त्याची वाट पाहा आणि खऱ्या पावसात भिजलेला पत्रा टिप.

बॉबिन मात्र तुझ्या सगळ्या वस्तूंत मोलाची आहे आणि तिच्यावर तू सर्वांत कमी कष्ट घेतले आहेत. नक्षीच्या चादरीवर ठेवून, ट्यूबलाइटखाली एक फोटो काढलास आणि पुढे गेलास. ती बॉबिन खिडकीजवळ ने. थेट ऊन नको. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, नसेल तर काचेवर पांढरा पातळ कागद लाव. खाली काळी किंवा राखाडी फरशी असू दे, चादर नको. बॉबिन खिडकीला समांतर न ठेवता थोडी तिरपी ठेव, म्हणजे उजेड लाकडाच्या लांबीवरून सरकत जाईल आणि धाग्याने गुळगुळीत झालेला भाग हात लागून काळवंडलेल्या टोकापासून वेगळा दिसेल. सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा किंवा साधा पांढरा पुठ्ठा उभा कर आणि तो इंच-इंच पुढे-मागे सरकवून सावली किती उघडते ते पाहा. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने 1930 मध्ये एका ढोबळी मिरचीचा फोटो काढला, तो आज जगभर ओळखला जातो. त्याने ती मिरची टिनच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या बाजूने परावर्तित झालेला उजेड मिरचीच्या वळणांवर पडला आणि तिला असा उठाव मिळाला की ती पिळदार शरीरासारखी दिसते. घरातल्या एका नरसाळ्याने हे साधले, तेव्हा महागडे दिवे नाहीत ही सबब तू माझ्यापुढे करू नकोस.

अर्विंग पेनचे उदाहरणही ध्यानात ठेव. फॅशनच्या मासिकांसाठी नावाजलेल्या या माणसाने 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पडलेली सिगारेटची थोटके स्टुडिओत आणून त्यांचे फोटो काढले आणि ते प्लॅटिनमच्या प्रक्रियेने मोठ्या आकारात छापले. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते लावले गेले. त्याने थोटके स्वच्छ केली नाहीत, त्यांच्याभोवती काही मांडलेही नाही. मागे कोरी पांढरी जागा ठेवली आणि चुरगळलेल्या कागदाची प्रत्येक घडी दिसेल एवढी काळजी घेतली. त्यावरून मी माझ्यापुरता नियम केला आहे: लहान वस्तू घरी आणावी, पण पुसू नये, मोठी वस्तू जिथे टाकली गेली आहे तिथेच टिपावी, कारण ती जागाही तिच्या गोष्टीचा भाग असते.

सरावासाठी कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे म्युझियममध्ये जा. 2002 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारी इंजिने आणि डबे जपले आहेत. छिंदवाड्याला जाणारी आपली छोटी गाडी 2015 मध्ये बंद झाली. तुझ्या घरातल्या मोठ्यांना ती नक्की आठवत असेल. तिथल्या इंजिनांना रंग दिलेला असल्यामुळे पोत फारसा मिळणार नाही, पण आकार शिकायला ती जागा चांगली आहे. चाक, दांडा आणि त्यांच्यामधली मोकळी जागा यांची चौकट कशी बसते, हे तिथे निवांत पाहता येते. पोतासाठी इतवारीतली लोहा ओळी आणि जवळपासची भंगाराची दुकाने पाहा. तिथे मात्र आधी परवानगी माग, फोन न काढता. वजनाच्या गर्दीच्या वेळी जाऊ नकोस. तो त्यांच्या पोटापाण्याचा वेळ आहे. आणि दुकानदार बोलू लागला तर फोटो बाजूला ठेवून ऐक. लोखंड, पत्रा, पितळ, रद्दी हे तो हाताला लागताच वेगळे करतो. कोणती वस्तू कशी झिजते हे त्याच्याइतके तुला कोणी सांगणार नाही.

फोटोवर नंतर काम करताना हात आखडता ठेव. रंगाचे प्रमाण वाढवून गंज केशरी करण्याचा मोह सर्वांना होतो. खरा गंज बहुधा तपकिरी, काही ठिकाणी जांभळट असतो, आणि त्या छटांतच त्याचे सौंदर्य आहे. कृष्णधवल करायचे असेल तर रंग हा विषय नसल्याची खात्री करून घे. बॉबिन कृष्णधवल शोभेल, कारण तिथे उजेड आणि गुळगुळीतपणा हेच सर्वस्व आहे. कूलर नाही शोभणार. क्षारांचा पांढरा आणि गंजाचा तांबूस यांच्या भेदावरच तो फोटो उभा आहे.

फोटोखाली ओळ लिहिताना ‘काळाच्या पाऊलखुणा’ यासारखे शब्द टाळ. बॉबिनच्या फोटोखाली एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केली एवढे लिहिता येईल, पण त्यापेक्षा आजीला जाऊन विचार: आजोबा कोणत्या खात्यात होते, कोणत्या पाळीला जात, ही बॉबिन घरी कशी आली. उत्तर मिळाले तर तेच लिही. नाही मिळाले तर फक्त वस्तूचे नाव लिही, ते पुरेसे आहे.

कूलर आणि बॉबिन या दोनच वस्तूंचे फोटो पुन्हा काढ, बाकीच्या तूर्त राहू देत. प्रत्येकाचे निवडून चार पाठव, आणि काम न केलेल्या मूळ फाइलही सोबत दे, म्हणजे कोणता निर्णय उन्हात घेतलास आणि कोणता पडद्यावर, हे मला वेगळे पाहता येईल. व्हॉट्सॲपवर पाठवशील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो म्हणून पाठवलास की फाइल दाबली जाते, आणि गंजाचा पोत सर्वांत आधी जातो.

तुझा,
काका