तिनं तोंड उघडलं, आणि तू त्याला गोंधळ म्हणालीस

ताई,
मी धुळ्याची, डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला. आंतरवासितेसाठी शिरपूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा मिळाली आहे, वर्ग पहिली. वर्गाच्या मॅडम मला नुसती कामं सांगतात. हजेरी भर, पोषण आहाराला मुलांना ओळीत बसव, तक्ते चिकटव. परवा कुठं पाठ घ्यायला मिळाला. विषय ‘आपले घर’. दोन रात्री जागून थर्माकोलचं घर केलं होतं. मुलं माझ्यामागून छान म्हणत होती. तेवढ्यात मॅडमनी मला थांबवलं आणि मुलांना पावरीत, म्हणजे त्यांच्या घरच्या आदिवासी बोलीत, काहीतरी विचारलं. मुलं हसायला लागली, जागेवरून उठली, मागची एक मुलगी कधी तोंड उघडत नाही तीसुद्धा पुढं येऊन बडबडायला लागली. नुसता गोंधळ! माझा पाठ तिथंच संपला. निरीक्षण वहीत आता काय लिहू? इतका अपमान झाल्यावर त्या वर्गात पाय टाकवत नाही. शाळा बदलून मिळावी म्हणून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून ठेवलाय. देऊ का?
– एक छात्राध्यापिका

मुली, अर्ज आधी फाडून टाक. मग पुढचं वाच.

तुझ्या पत्रात मॅडम आहेत, थर्माकोल आहे, प्राचार्य आहेत. कधी तोंड न उघडणारी मुलगी मात्र अर्ध्या वाक्यात उरकली आहेस, तीही तक्रारीच्या यादीत. पहिलीतलं गप्प मूल आपण होऊन उठावं, वर्गापुढं यावं आणि भडाभडा बोलावं, यासाठी चांगले शिक्षक महिनोन्महिने खपतात. ते तुझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि तुला आपला पाठ मोडला एवढंच दिसलं. मला याचा राग आला, तो लपवत नाही.

मॅडमनी काय विचारलं, हे तुला अजून माहीत नाही. तू विचारलंच नाहीस. मुलं हसली म्हणजे तुलाच हसली, असं धरून तू थेट अर्ज लिहायला बसलीस. पाड्यावरच्या मुलांना शाळेत कुणी त्यांच्या बोलीत चार शब्द बोललं की ती हसतातच. त्यांना आनंद होतो म्हणून हसतात.

‘मुलं छान म्हणत होती’ असं तू लिहिलंस. काय म्हणत होती? तू ‘खिडकी’ म्हणायचं, वर्गानं ‘खिडकी’ म्हणायचं. त्या एका सुरात कुणाला कळलं आणि कुणी नुसते ओठ हलवले, हे समजायला वाव नसतो. मागची मुलगी त्यातच रोज दडून राहत असणार. जिच्या घरी पावरी बोलतात तिच्यासाठी मराठी ही शाळेत भेटलेली नवी भाषा आहे. घर म्हणजे काय, हे तिला तुझ्यामाझ्याइतकंच ठाऊक आहे. कुडाच्या सारवलेल्या भिंती, चुलीचा धूर, पायात येणाऱ्या कोंबड्या, सगळं तिच्याकडे आहे, पण ते पावरीत आहे. तू थर्माकोलचं घर दाखवलंस. मॅडमनी बहुतेक तिला तिचं घर विचारलं. खात्री तू करून घे.

शिक्षण हक्क कायदा 2009 मधलं कलम 29 तू परीक्षेसाठी वाचलं असशील. शक्य असेल तिथवर मुलाला मातृभाषेतून शिकवावं, असं त्यात स्पष्ट आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथं, घरच्या भाषेचाच आग्रह धरला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावरही तू पानभर उत्तर लिहिलं असशील. आदिवासी मुलांसाठी त्यांचं बालशिक्षणाचं काम 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर या बायांनी शाळाच कुरणात नेली. मूल जिथं आहे तिथं आपण जायचं, हे त्या कामाचं मर्म. परवा मॅडमनी तुझ्यासमोर दोन मिनिटांत तेच करून दाखवलं. फुकट मिळालेला असा पाठ अध्यापक विद्यालयात दोन वर्षं बसूनही मिळत नाही.

उद्या परिपाठाच्या आधी मॅडमना गाठ. रुसवा नको, खुलासा नको. एवढंच म्हण, “मॅडम, परवा तुम्ही मुलांना जे विचारलंत ते मला शिकवा.” त्या चकित होतील, कदाचित आधी तुटकच बोलतील. तरी शिकून घे. दहा वेळा म्हणून बघ.

मग मधल्या सुट्टीत त्या मुलीशेजारी बसकरपट्टीवर बस. टेबलाशी उभी राहून बोलावू नकोस, तू तिच्याकडे जा. तोच प्रश्न तिला तिच्या बोलीत विचार. तुझे उच्चार चुकणार, पोरं दुरुस्त करणार. करू दे. पाच वर्षं शाळेत तिला सगळे दुरुस्तच करणार आहेत, एक दिवस तिनं बाईंना दुरुस्त करावं. ती लगेच बोलली नाही तर परत विचारू नकोस, नुसती बसून राहा. परवाही बसायला जा.

निरीक्षण वहीत काय लिहू, हा तुझा प्रश्न राहिला. सगळ्यात वर त्या मुलीचं नाव लिही. पत्रात ते कुठंही नाही, आणि हजेरी तर रोज तूच भरतेस. नावाखाली ती पुढं येऊन काय बोलली ते मॅडमना विचारून शब्दन् शब्द उतरवून घे, पावरीतच, देवनागरीत. उद्दिष्टं, साहित्य, कृती हे रकाने त्यानंतर भरलेस तरी चालेल.