वाढप कुणाच्या हातात?

मागच्या अंकात बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या, येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची हकीकत सांगणाऱ्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. बहुतेकांचा सूर एकच, तेव्हाचं चर्च किती चांगलं होतं आणि आत्ताचं बघा. त्यातली चार पत्रं घेतली, नावं छापत नाही.

प्रश्न (वास्को): आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे, लहानपणापासून हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारे. नवऱ्याच्या नोकरीमुळे १४ वर्षं गोव्यात आहोत. आमच्याकडे फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, जेवणाला आधी कमिटीची घरं आणि जुनी घराणी बसतात, आम्ही, झारखंडची कामगार पोरं आणि कर्नाटकातली दोनचार कुटुंबं शेवटच्या पंगतीला, तोवर शागोतीतला नुसता रस्सा उरलेला असतो. मुलाला रोमी लिपी (इंग्रजी अक्षरांतली कोकणी) वाचता येत नाही म्हणून गायनात घेतलं नाही. एकदा एकाने तोंडावर सांगितलं, मराठी ही आपल्या इगर्जीतली (चर्चमधली) भाषा नव्हे. नवरा म्हणतो आपण मराठी लोकांचा वेगळा ग्रुप काढू. पहिल्या ख्रिस्ती लोकांत असं नव्हतं ना? मग आताच का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. जेवणावरून काय एवढं मनाला लावून घ्यायचं, असं तुम्हाला कुणी ना कुणी म्हणालंच असेल, तर त्यांना सांगा एकदा नवा करार उघडून बघा, त्या लोकांची किती मोठमोठी भांडणं जेवणाच्या पानावरच झालीत.

कारण तेव्हा सगळं गोड होतं असं नाहीये. कृत्यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात येतं की सगळे एकमनाने राहायचे, जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवायचे, बर्णबाने शेत विकलं, आणि प्रवचनात आपण बहुतेक तेवढंच ऐकतो. पान उलटलं की पाचव्यात हनन्या आणि सप्पीरा पैसे मागे ठेवून खोटं बोलतात आणि सहाव्यात तर थेट तुमचंच प्रकरण आहे. यरुशलेमात विधवांना रोजचं अन्न वाटलं जायचं, त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. या बायकाही यहूदीच हं, पण भाषा वेगळी, बाहेरच्या मुलखातून येऊन राहिलेल्या घरांतल्या, त्यामुळे नवरा गेला की मागेपुढे कुणी नाही. कुणी मुद्दाम केलं असं पुस्तक म्हणत नाही. मला वाटतं झालं असेल ते नेहमीचंच, वाटणाऱ्याच्या जो ओळखीचा त्याला आधी मिळतं आणि ज्याचं बोलणं नीट कळत नाही तो यादीतून गळतो.

आता प्रेषितांनी काय केलं ते बघा. कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, तुमचा विश्वास कमी पडतो असं सांगितलं नाही, तुम्ही वेगळे व्हा असंही नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि म्हणाले तुम्हीच सात माणसं निवडा. लोकांनी निवडले ते असे, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातच्या सात नावं ग्रीक, आणि शेवटचा नीकलाव तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता, अंत्युखियाचा, नंतर यहूदी झालेला. म्हणजे ज्यांच्या बायका उपाशी राहत होत्या, बहुतेक त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात सगळ्यांचं वाढप दिलं, इब्री बोलणाऱ्या विधवांचंसुद्धा! मी कितीतरी वर्षं हा अध्याय नुसता डीकन (मंडळीचे सेवक) कसे सुरू झाले एवढ्यासाठी वाचत होतो, नावांकडे लक्षच गेलं नव्हतं, आणि एक दिवस गेलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो, कारण माझे आजोबा डोळ्यांसमोर आले. आमच्या गावात कॉन्फ्रारियाचा (चर्चच्या बंधुसंघाचा) ओप-मूस, म्हणजे मिरवणुकीतला झगा, कुणी घालायचा ते तेव्हा जातीवरून ठरायचं आणि आजोबा आयुष्यभर मिरवणुकीत मागे चालले. हे सात जण कुणी त्या वेळी वाचून दाखवले असते तर, असं मला अजून वाटतं.

ग्रीसमधल्या करिंथमध्ये याहून वाईट. तिथे प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण) खऱ्या जेवणाबरोबर व्हायचं, कुणातरी पैसेवाल्याच्या घरात, आणि रोमी पद्धतीच्या जेवणाच्या खोलीत आडवं पडून जेवणारी माणसं मावायची नऊएक, त्यामुळे अभ्यासकांचा अंदाज असा की मालकाचे मित्र आत आणि बाकीचे बाहेर अंगणात. रिकामा वेळ असलेले आधी येऊन खाऊन पिऊन मोकळे, मजूर आणि गुलाम काम संपवून येईपर्यंत काही उरलेलं नाही. प्रेषित पौलाने इ.स. ५० ते ६० च्या दरम्यान कधीतरी त्यांना पत्र लिहिलं त्यात तो म्हणतो एक जण उपाशी आणि दुसरा प्यालेला, हे प्रभूचं भोजन नव्हेच, आणि शेवटी उपाय काय सांगतो तर अगदी साधा, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. याकोबाच्या पत्रातही तेच, सोन्याची अंगठीवाला आला की चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतला आला की तू तिथे उभा राहा किंवा माझ्या पायाशी बस.

तर ताई, वेगळ्या ग्रुपबद्दल माझं मत. मराठीतून रोजरी, मराठीतून बायबल वाचन, यासाठी घरोघरी जमा, जरूर जमा, परक्या भाषेत रडता येत नाही माणसाला. पण जेवणाचं पान आणि वेदी वेगळी करू नका. आधी विगार फादरना (चर्चच्या मुख्य पाद्रींना) भेटा, एकट्या नको, झारखंडच्या पोरांपैकी एक आणि कर्नाटकातल्या घरातलं एक माणूस बरोबर न्या आणि आम्हाला आधी बसवा असं मागू नका. पुढच्या फेस्ताला वाढायला आम्ही उभे राहतो, जेवणाच्या कमिटीत आमची दोन माणसं घ्या, असं मागा. नाही म्हणाले तर परत जा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) पंगतीतून उठून बाजूला झाला तेव्हा पौल त्याला सगळ्यांसमोर तोंडावर बोलला, प्रेषितांच्या म्होरक्याला, पेत्राला! पण ती शेवटची पायरी, येशूनेच सांगितलंय की आधी एकट्याला गाठून बोल.

आणि ते मराठीचं. ज्याने तुम्हाला असं सांगितलं त्याला सांगा, फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ ला गोव्यात आला, पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य त्याने दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत काढलं, आणि इथल्याच नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ ला रायतूरला छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. म्हणजे तुमची भाषा आणि त्यांची लिपी चारशे वर्षांपूर्वी एका पुस्तकात नांदलीय. मुलाला रोमी लिपी शिकायला महिना पुरेल, मात्र शिकवायला गायनाच्या ग्रुपातलंच कुणीतरी पुढे यावं हेही फादरना सांगा.

प्रश्न (म्हापसा): माझा जवळचा मित्र बिलिव्हर्सच्या (आपल्या चर्चबाहेर जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या) ग्रुपात जायला लागला. तो म्हणतो चर्चची बिल्डिंग बायबलमध्ये नाहीच, पहिले ख्रिस्ती घरात जमायचे, तेच खरं. मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर: मित्राचं अर्धं बरोबर आहे रे. फिलिप्पैमध्ये लुदियाचं घर, इफिसात आणि रोममध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला यांचं घर, अशीच मंडळी जमायची. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाच्या गावात १९३० च्या दशकात खोदकामात एक घर सापडलं, तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातलं, मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक केलेली आणि बाप्तिस्म्यासाठी वेगळी खोली, भिंतींवर मेंढपाळाचं आणि इतर चित्रं. बाहेरून बघणाऱ्याला साधं घरच. इ.स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली, मोठ्या इमारती बहुतेक त्यानंतरच्या.

पण त्याला हेही सांग की कृत्यांच्या त्याच दुसऱ्या अध्यायात ते रोज मंदिरातही जमायचे असं लिहिलंय, दोन्ही चालू होतं. आणि करिंथचं वर लिहिलंच, ते भांडण घरातच झालं ना, तिथे कुठे उंच छत आणि घंटा होती. घरात जमल्याने माणसं आपोआप जवळ येत नाहीत, घर कुणाचं आणि आत कोण बसतं यावर असतं ते. आपल्याकडे मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते, सगळे शेजारी उभे, मग उकडलेले चणे हातात, ख्रिस्ती नसलेले शेजारीही थांबतात, मला तर ते पहिल्या शतकाच्या फार जवळचं वाटतं. मित्राला या वर्षी लदिनीला बोलाव, वाद घालू नकोस, तो आता जिथे जातो तिथेही एकदा जाऊन बस. तो का गेला हे त्याला विचारलंस का? इमारतीमुळे कुणी जात नाही सहसा, आजारपणात कुणी विचारलं नाही, कुणी नावाने हाक मारली नाही, असंच काहीतरी असतं.

प्रश्न (फोंडा): बाहेरून एक प्रचारक येतात, बरं होण्यासाठी प्रार्थना करतात आणि मग क्यूआर कोड दाखवतात. बहिणीने दोनदा मोठी रक्कम दिली. हे योग्य आहे का?

उत्तर: नाही. आणि हे माझं एकट्याचं मत नाही. डिडाखे म्हणून एक छोटं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं, अनेक शतकं हरवलेलं आणि १८७३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलला एका जुन्या हस्तलिखितात सापडलं. त्यात फिरत्या प्रेषितांसाठी नियमच आहेत, एक दिवस राहू दे, गरज असेल तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा, निघताना भाकरीशिवाय काही घेऊ नये, पैसे मागितले तर खोटा संदेष्टा. आणि पुढे एक वाक्य मला फार आवडतं, तो दुसऱ्या गरजू माणसांसाठी द्या म्हणत असेल तर मात्र त्याला दोष देऊ नका. बहिणीला एवढंच विचारायला सांगा, हे पैसे कुणाकडे जातात.

चर्चला पैसा लागत नाही असं नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक रोममध्ये लिहितो की रविवारी ज्याला जमेल तो मनाने देतो आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांच्यासाठी असतं. इ.स. २५१ चं रोमच्या कर्नेलियस बिशपचं पत्र आहे, त्यात हिशोबच दिलाय, ४६ पाद्री, ७ डीकन आणि मंडळी सांभाळत होती त्या विधवा आणि गरजू माणसं १५०० च्या वर. आपल्या फेस्ताच्या हिशोबात बँड, दारूकाम आणि मांडव यांच्या खाली असा एखादा आकडा असतो का, प्रत्येक प्रेजिदेंताने (फेस्ताच्या अध्यक्षाने) बघावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (सासष्टी): आई ८६ वर्षांची, वर्षभर अंथरुणावर. भाऊ गल्फमध्ये, मी एकटीच. आधी सायबीण (घरोघरी फिरणारी मारियेची मूर्ती) घरी आली की वाडा भरायचा, आता आईला भेटायला कुणी येत नाही. तिला दर रविवारी कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) हवं असतं पण फादरना जमत नाही. मी बाई असून नेऊ शकते का? पूर्वी असं कधी होतं का?

उत्तर: बाय, हो, पण मनाने नको, चर्चने नेमावं लागतं. १९७३ पासून रोमने सामान्य माणसांना, बायकांनाही, आजाऱ्यांकडे कम्युनियन न्यायला नेमता येईल असं ठरवलंय आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि अकोलाईट (वेदीवरचा मदतनीस) या सेवाही बायकांसाठी उघडल्या. फादरना सांगा मला तयारी करून नेमा, नाहीतर वाड्यावरच्या दुसऱ्या कुणाला नेमा.

पूर्वीचं म्हणाल तर जस्टिनच्याच त्या वर्णनात आहे, रविवारी जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन वाटा घेऊन जायचे. म्हणजे आजारी माणूस गैरहजर धरलाच जायचा नाही, त्याचाही वाटा त्या भाकरीत मोजलेला. आणि बायका तर सुरुवातीपासून आहेत. पौल रोमकरांना लिहितो तेव्हा किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिला सांभाळून घ्या म्हणतो आणि सेविकेसाठी त्याचा शब्द तोच जो पुरुष डीकनांना वापरतो. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमी अधिकारी सम्राटाला कळवतो की ख्रिस्ती लोकांचं खरं काय ते काढायला दोन गुलाम बायकांचा छळ केला, त्यांना ते लोक सेविका म्हणतात. विचार करा, घरी मालकाची गुलाम आणि मंडळीत सेविका. त्यांची नावं त्याने लिहिलीच नाहीत, मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या लहान समुदायाच्या (वाड्यावरच्या घरांच्या चर्च-गटाच्या) को-ऑर्डिनेटरला आजच फोन करा, पुढची बैठक इतर घराऐवजी आईच्या खोलीत घ्या म्हणावं, दहा माणसं मावतात तेवढी मावू देत, बाकीचे बाल्कांवात (ओट्यावर) बसतील. आणि फादरना भेटायला जाल तेव्हा तुमच्या वाड्यावर मुलं बाहेर असलेली अजून किती म्हातारी माणसं अशी पडून आहेत त्यांची नावं घरनंबरासकट एका कागदावर लिहून न्या.