नियमन, नियंत्रण आणि अमरकोशातला सारथी

बडोद्याला जीवरसायन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: भित्तिपत्रकावर 'जीन रेग्युलेशन'ला, म्हणजे जनुकाचे काम केव्हा आणि किती चालावे हे ठरण्याला, जनुक-नियंत्रण लिहावे की जनुक-नियमन? 'दोन्ही चालतात' असे तिला सांगण्यात आले.

चालत नाहीत. नियमन लिहा. 'दोन्ही चालतात' म्हणणाऱ्यांनी प्रयोगावरचा एक परिच्छेद तरी मराठीत लिहून पाहावा. तुलनेसाठी ठेवलेला 'कंट्रोल' नमुनाही नियंत्रण आणि जनुकाचेही नियंत्रण! मग 'नियंत्रण नमुन्यातले नियंत्रण' कोणाला कळणार?

खरी गोडी धातूत आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'यत्रि संकोचे' आहे, नियंत्रण त्यावरून. म्हणजे आवळणे. मराठीने हा अर्थ इमानाने जपला: भाव नियंत्रणात, गर्दीवर नियंत्रण, आग नियंत्रणात. वाढवण्याची छटा कुठेच नाही. नियमन मात्र 'यम्'चे. यावर पंडित लगेच 'यम उपरमे' दाखवतात, म्हणजे हाही थांबवणाराच. धातुपाठातला एक शब्द म्हणजे धातूचे सगळे आयुष्य नव्हे. अमरकोश, म्हणजे संस्कृत पर्यायशब्दांचा जुना कोश, उघडा; सारथ्याची नावे अशी: 'नियन्ता प्राजिता यन्ता सूतः क्षत्ता च सारथिः'. नियमन करणारा तो नियंता, आणि नियंता म्हणजे सारथी! लगाम खेचणे त्याचेच काम, सैल सोडणेही त्याचेच. शेजारी प्राजिता बसला आहे, 'अज्' म्हणजे हाकणे यावरून आलेला. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ नियंत्रणातले 'यंत्र'ही यम्‌कडेच नेतात. नेऊ देत, उगम एक असला तरी वापराने वाटा कधीच फुटल्या आहेत. बडोद्यात तर गुजराती वर्तमानपत्रे 'ट्राफिक नियमन' लिहितात, आणि चौकातला पोलीस एका हाताने थांबवतो, दुसऱ्याने बोलावतो.

आता जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलेला लॅक ओपेरॉन घ्या: लॅक्टोज ही दुधातली साखर पचवण्यासाठी जीवाणूत एकत्र चालणारा जनुकांचा गट. लॅक्टोज नसताना रिप्रेसर (दाबून ठेवणारे) प्रथिन ऑपरेटर या डीएनएच्या तुकड्यावर बसून, जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला अडवते: हा लगाम. लॅक्टोज आले की त्यापासून बनलेले अ‍ॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटते आणि पकड सुटते. तेवढ्याने रथ वेग घेत नाही. ग्लुकोज संपत आले की सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेश-रेणू वाढतो, तो कॅप नावाच्या प्रथिनाला जडतो, कॅप प्रमोटरशेजारी (पॉलिमरेज जिथे बसते त्या जागेशेजारी) बसते आणि पॉलिमरेज जोमाने कामाला लागते. हा प्राजिता! याला 'संकोच' कसे म्हणणार? लगाम डीएनएवरच असतो असेही नाही. सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे मायक्रोआरएनए आधीच तयार झालेल्या संदेशक आरएनएला जुळून प्रथिननिर्मिती घटवतात. रिप्रेसर किंवा कॅपसारख्या, डीएनएवर बसून प्रत किती निघावी हे ठरवणाऱ्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला मी सरळ 'नियंता प्रथिन' म्हणेन. 'प्रतिलेखन घटक'पेक्षा त्यातून काम कळते.

भित्तिपत्रकात आणखी एक चूक हमखास होते. 'अपरेग्युलेटेड'चे 'नियमन वाढले' करू नका. सारथ्य वाढत नाही, रथाचा वेग वाढतो. म्हणून 'अभिव्यक्ती वाढली' लिहा; अभिव्यक्ती म्हणजे जनुकापासून होणारी निर्मिती. आलेखावर दोन नमुन्यांतल्या अभिव्यक्तीचे गुणोत्तर लॉग-२ मापात असेल तर +१ म्हणजे अभिव्यक्ती दुप्पट, −१ म्हणजे निम्मी, +३ म्हणजे आठपट. शून्य म्हणजे जनुक बंद नव्हे, दोन नमुन्यांत फरक नाही एवढेच. आणि 'कंट्रोल' नमुन्याला तुलना-नमुना म्हणा.